साधने उदंड, सूची कोठे?

जून महिना उजाडला, शाळा भरू लागल्या आणि वर्षाचे पहिले 'प्रोजेक्ट' घराघरांत येऊन पडले, की बंगळुरातील राजाजीनगरच्या आमच्या ब्लॉकमधील झेरॉक्सच्या दुकानापुढे सायंकाळी विद्यार्थ्यांची आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या मातापित्यांची जी दाटी होते, ती पाहून आजच्या विद्याभ्यासाची अवस्था ध्यानात येते. मुलाने विषयाचे नाव सांगावे, दुकानदाराने ते संगणकावर टंकावे, जे पहिले पान समोर येईल ते छापून द्यावे, आणि मुलाने घरी जाऊन त्यातील चित्रे कापून चार्टवर डकवावीत व मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढावा, हा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. यात दुकानदाराचा काही दोष नाही. तो आपला धंदा सचोटीने करतो. परंतु जे काम शाळेतील शिक्षकाने, ग्रंथपालाने किंवा घरातील वडीलधाऱ्याने करावयाचे, ते सर्वांच्या हातून सुटत सुटत त्या एकट्याच्या गळ्यात येऊन पडले आहे, ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

या विषयासंबंधी येथील मराठी पालकांत दोन मते ऐकू येतात, आणि दोन्ही सारख्याच खात्रीने सांगितली जातात. एक मत असे की नेटवर सर्व काही आहे, तेव्हा मुलाच्या हाती मोबाइल दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले. दुसरे असे की जे काही आहे ते इंग्रजीत आहे, मराठीत धड काहीच मिळत नाही, तेव्हा शोधण्यात वेळ दवडण्यात हशील नाही. ही दोन्ही मते वस्तुस्थितीला सोडून आहेत. साधने विपुल आहेत, आणि मराठीतही आहेत. वाण आहे ती कोणत्या इयत्तेच्या विद्यार्थ्याने कोणत्या विषयासाठी काय उघडावे, त्यातले कालबाह्य काय आणि टिकाऊ काय, हे सांगणाऱ्या विश्वसनीय सूचीची, आणि ती सूची घेऊन मुलाजवळ तासभर बसणाऱ्या माणसाची.

साधनांची विपुलता म्हणजे काय ते आधी पाहू. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे ज्या मराठी विश्वकोशाची उभारणी झाली, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि ज्याचे वीस खंड पुढे जवळजवळ चार दशकांत पुरे झाले, तो विश्वकोश आज महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतो. एके काळी मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भकक्षात जाऊन, जाडजूड खंड मेजावर उघडून, जे टिपून घ्यावे लागे, ते आता राजाजीनगरच्या चौथ्या ब्लॉकातील मुलाला रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचता येते. नोंदी त्या त्या विषयाच्या अधिकारी व्यक्तींनी लिहिलेल्या, बहुतेक नोंदींखाली लेखकाचे नाव आणि पुढील वाचनासाठी संदर्भ दिलेले. शोधनिबंध कसा लिहावा याचा वस्तुपाठच मुलाला तेथे आयता मिळतो. लहान मुलांसाठी विश्वकोश निर्मिती मंडळानेच कुमार विश्वकोश काढला आहे, आणि ज्ञानमंडळाच्या योजनेखाली जुन्या नोंदी अद्ययावत करण्याचे व नव्या लिहून घेण्याचे कामही चालू आहे. असे असूनही या शहरातील मराठी पालकांपैकी फारच थोड्यांनी हे संकेतस्थळ एकदा तरी उघडले असेल, असे माझे निरीक्षण आहे.

याच्याही मागे, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. सरकारी आश्रय नसताना, मर्यादित कंपनी स्थापून, वर्गणीदार गोळा करीत १९२० नंतरच्या दशकात त्यांनी तेवीस खंड पुरे केले. त्यांतला एक संपूर्ण खंड केवळ सूचीचा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने तो कोशही आता इंटरनेटवर आलेला आहे. शब्दांसाठी म्हणाल तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने शोध घेता येईल अशा स्वरूपात खुले ठेवले आहेत. शास्त्रीय संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. आणि ज्याची माहिती बंगळुरातील मराठी माणसालाही सहसा नसते ती गोष्ट अशी की कर्नाटक शासनही सीमाभागातील मराठी शाळांसाठी मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके काढते व तीही नेटवर ठेवते, त्यामुळे इंग्रजी माध्यमातील मुलाला एखादा धडा कळेनासा झाला तर त्याच राज्याच्या अभ्यासक्रमातला तोच विषय मायबोलीत वाचण्याची सोय आहे. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून त्यांतून पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या या गृहस्थांनी पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात बसून इंग्रजी, हिंदी, मराठी पुस्तकांचा असा साठा मुलांसाठी मोकळा केला आहे की एखाद्या शाळेला स्वतःचे ग्रंथालय नसले तरी तिने निराश होऊ नये.

आता या साधनांचे वय. केतकरांचा कोश शंभर वर्षांपूर्वीचा आहे. त्यातील लोकसंख्येचे आकडे, राज्यांच्या सीमा, जातिजमातींविषयीची कित्येक विधाने त्या काळाची आहेत, आणि ती आजची म्हणून उतरवून घेणारा विद्यार्थी फसेल. विश्वकोशाच्या जुन्या खंडांनाही हीच मर्यादा लागू आहे. प्लूटोला ग्रहांच्या मालिकेतून वगळण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २००६ साली घेतला. त्यापूर्वी लिहिली गेलेली कोणतीही नोंद त्याला नववा ग्रहच म्हणणार, आणि त्यात नोंदकाराची काहीच चूक नाही. यावरून काही लोक जुने कोश निरुपयोगी ठरवतात, ते मला मान्य नाही. नोंद केव्हा लिहिली हे पाहण्याची सवय मुलाला लागली, तर तेच जुने कोश त्याला ज्ञान कसे बदलत जाते हे दाखवितात, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकता येत नाही.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, मूळच्या सोलापूरकडील एका कुटुंबातील नववीच्या मुलीला शाळेतून 'आमच्या शहराचा इतिहास' हा विषय मिळाला, आणि तिने हौसेने शहाजीराजांचे बंगळूर निवडले. विषय उत्तम, कारण आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या १६३८ सालच्या मोहिमेनंतर केंपेगौडांच्या वंशजांकडून हे शहर विजापूरच्या अमलाखाली आले, शहाजीराजांना ते जहागीर म्हणून मिळाले, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे ते भोसल्यांच्या ताब्यात राहिले. नेटवर पहिल्या दहा मिनिटांतच तिला एक चटकदार वाक्य सापडले: शहाजीराजांचा पुत्र एकोजी याने बंगळूर तीन लाख रुपयांना मैसूरच्या चिक्कदेवराजाला विकले. पुढच्या दहा मिनिटांत दुसरे सापडले: मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्याने ते तीन लाखांना मैसूरला दिले. दोन्ही ठिकाणी साल १६८७, रक्कम तीच, विकणारा मात्र निराळा. आता खरे काय, असे तिने मला विचारले.

हा प्रश्न विचारला गेला, हीच माझ्या मते त्या सबंध प्रोजेक्टची मोठी कमाई होती. उत्तर सांगून मोकळे होण्याऐवजी आम्ही या विधानांचा माग काढीत मागे गेलो. बहुतेक आधुनिक लिखाणांचा हवाला फिरून फिरून एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे मैसूरचा ब्रिटिश रेसिडेंट मार्क विल्क्स याच्या दक्षिण भारताच्या इतिहासाकडे, ज्याचा पहिला खंड १८१० साली लंडनमध्ये छापला गेला. त्याची हकीकत अशी की एकोजीने विक्रीची बोलणी चालविली होती, व्यवहार पुरा होण्यापूर्वीच कासिमखान येऊन धडकला, आणि ठरलेल्या रकमेला अखेर त्यानेच शहर चिक्कदेवराजाच्या हवाली केले. म्हणजे पहिल्या वाक्यात बोलणी तेवढी शिल्लक राहिली आणि मधला मोगल गळाला. शिवाय विल्क्सही घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा त्याचाही शब्द पारखूनच घेतला पाहिजे, हे त्या मुलीने स्वतःच बोलून दाखविले. हे पुस्तक जुने असल्याने ते इंटरनेट अर्काइव्हवर पाना-पानाने पाहता येते, आणि तिने ते पान पाहिले.

याहूनही मौल्यवान साधन मराठी घरांच्या अगदी हाताशी आहे. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजांच्या दरबाराचे वर्णन आहे आणि देशोदेशींच्या कवींच्या तोंडी अनेक भाषांतील रचना आहेत, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली तो प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. ज्या शहरात ही मुलगी राहते त्या शहराच्या सतराव्या शतकातील बहुभाषिक दरबाराचा हा समकालीन पुरावा. त्यातही जयरामाने काय लिहिले आणि त्यावरून राजवाड्यांनी काय अनुमान काढले, या दोहोंत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखणे नववीच्या मुलीला अवघड नाही. संस्कृत श्लोक तिच्या आजोबांनी लावून दिले. इंग्रजी तिने वाचले. आणि केंपेगौडांविषयीचा कन्नड मजकूर वाचताना मात्र आजोबांनाच तिची मदत घ्यावी लागली.

येथे मला अशी गोष्ट दिसते की जिच्याकडे बंगळुरातील मराठी पालक उणीव म्हणून पाहतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि २०१५ च्या कायद्यान्वये सक्तीने कन्नड, अशा तीन भाषांच्या ओझ्याखाली मूल दबून जाते, अशी त्यांची तक्रार असते. परंतु संदर्भ शोधण्याच्या कामी हेच मूल पुण्यातील किंवा लंडनमधील आपल्या समवयस्काहून अधिक संपन्न आहे. कर्नाटक शासनाच्या पाठबळाने चाललेले 'कणज' हे कन्नड ज्ञानस्थळ, व्ही. कृष्ण यांनी कित्येक दशके एकट्याने सिद्ध केलेला आणि २०१९ पासून मुक्त परवान्याने खुला झालेला 'अलर' हा कन्नड-इंग्रजी कोश, नृपतुंग रस्त्यावरील मिथिक सोसायटीने हाती घेतलेले शहरातील शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग, सार्वजनिक ग्रंथालय खात्याचे २०२० साली सुरू झालेले डिजिटल ग्रंथालय, ही सर्व साधने त्याच्यासाठी उघडी आहेत, आणि ती वापरावयाची तर शाळेतील कन्नडच त्याच्या उपयोगी पडणार आहे.

मग इतके असताना ते सापडत का नाही? याचे कारण बऱ्याच अंशी या शहराशीच निगडित आहे. राजाजीनगरातून निघून मल्लेश्वरम ओलांडले की लागणाऱ्या भारतीय विज्ञान संस्थेत, ज्या संस्थेला जुने बंगळूरकर अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथे या शतकाच्या आरंभी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पाचे केंद्र होते. त्यात देशभरातून हजारो मराठी पुस्तके स्कॅन झाली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, परंतु त्यातील फार मोठा साठा इंटरनेट अर्काइव्हवर जाऊन सुरक्षित राहिला, याबद्दल ज्यांनी तो हलविला त्यांचे आपण ऋणी असले पाहिजे. मात्र स्कॅन करतेवेळी या पुस्तकांची नावे रोमन लिपीत, स्वर दुप्पट करून, मध्येच ऊर्ध्वचिन्हे घालून, कित्येकदा चुकीच्या अक्षरांनी नोंदविली गेली, लेखकाच्या जागी संपादक आणि संपादकाच्या जागी मुद्रक आला, आणि पुस्तकाचे नाव देवनागरीत टंकून शोध घेणाऱ्याला समोर काहीच दिसेनासे झाले. शिवाय ही पाने म्हणजे केवळ छायाचित्रे. आतला मजकूर यंत्राला नीट वाचता येतोच असे नाही, त्यामुळे आतल्या शब्दावरून शोधण्याचाही मार्ग बहुधा खुंटतो. पुस्तक आहे, विनामूल्य आहे, कायद्याने मुक्तही आहे, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की आपल्याकडे प्रताधिकार संपतो. आणि तरीही ज्याला ते हवे आहे त्याच्यापुरते ते नसल्यासारखे आहे. दफ्तरखान्यात रुमाल असावेत पण त्यांची फेरिस्त नसावी, तशी ही स्थिती.

या पोकळीत आता एआयचा प्रवेश झाला आहे. प्रश्न विचारावा आणि क्षणार्धात गोळीबंद मराठीत उत्तर यावे, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही, आणि न कळलेला उतारा सोप्या शब्दांत समजावून घेण्यास तिचा उपयोग होतो हे मी पाहिले आहे. परंतु ही यंत्रे नसलेल्या ग्रंथांची नावे, नसलेले पृष्ठांक आणि न घडलेल्या घटनांच्या तारखा त्याच आत्मविश्वासाने सांगू शकतात, आणि ज्या मुलाने मूळ पुस्तक कधी उघडलेलेच नाही त्याच्यापाशी खातरजमेचे कोणतेही साधन उरत नाही. म्हणून ज्या घरात असे उत्तर घेतले जाईल तेथे त्यातील प्रत्येक नाव आणि प्रत्येक साल विश्वकोशात किंवा मूळ ग्रंथात एकदा पडताळून पाहण्याचा नियम घालून द्यावा. आणि शाळांनी चार्टच्या सजावटीस दिले जाणारे गुण निम्म्यावर आणून उरलेले मुलाने दिलेल्या हवाल्यांस द्यावेत. शिक्षकांनी एवढे एक केले तरी झेरॉक्सच्या दुकानापुढील रांग आपोआप निराळ्या कामाला लागेल.

सूचीचे काम आपल्या भाषेला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतचा भाग तिला जोडला; मराठी पुस्तकांवर संशोधन करणारा कोणीही त्या सूचीवाचून आजही पुढे जाऊ शकत नाही. विखुरलेल्या ग्रंथालयांतून, अपुऱ्या साधनांनी, त्यांनी जे केले ते आज संगणकाच्या साहाय्याने करणे कितीतरी सोपे आहे. ही जबाबदारी पहिल्याने राज्य मराठी विकास संस्थेची आणि विश्वकोश निर्मिती मंडळाची आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. इयत्तावार, विषयवार अशी एकच अधिकृत यादी त्यांनी काढावी, स्कॅन झालेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत शुद्ध करून घ्याव्यात, आणि मैसूर विद्यापीठाने आपल्या कन्नड विश्वकोशाचे खंड जसे मुक्त परवान्याने विकिस्रोतासाठी मोकळे केले तसाच निर्णय मराठी विश्वकोशाबाबत घ्यावा. सार्वजनिक पैशातून झालेल्या ग्रंथाचे पुनर्वापराचे हक्क शासनाने राखून ठेवावेत याला मला कोणतेही सबळ कारण दिसत नाही. मराठी विकिपीडियाला साहाय्य करीत आलेली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी (सीआयएस) ही संस्थाही बंगळुरातच आहे, तेव्हा तांत्रिक मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचेही कारण नाही.

परंतु शासनाची तजवीज होईपर्यंत येथल्या मुलांनी वाट का पाहावी? गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाला आणि नाटकाला जमणाऱ्या मंडळींत निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकांतून आणि सरकारी कारखान्यांतून सेवा करून मोकळे झालेले वाचनप्रिय लोक आहेत, आणि संगणकाच्या क्षेत्रात नित्य काम करणारी तरुण पिढी तर या शहरात मोजदादीपलीकडे आहे. कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची मोठी सुटी असते. त्या सुटीत आठवी ते दहावीच्या इतिहास आणि विज्ञान या दोन विषयांपुरतीच नोंद करावी: साधनाचे नाव, लेखक, लिहिल्याचे वर्ष, भाषा, कोणत्या इयत्तेस योग्य, आणि त्यातील कोणता भाग जुना झाला आहे याविषयी दोन ओळी. प्रत्येक नोंद एकाने करावी आणि दुसऱ्याने ती साधन प्रत्यक्ष उघडून तपासावी. यादी तयार झाली की तिची एक छापील प्रत शाळेच्या ग्रंथपालाकडे, एक वस्तीतील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत आणि एक त्या झेरॉक्सच्या दुकानदाराकडेही द्यावी. विषयाचे नाव सांगणारे मूल आले की कोणते पान उघडावयाचे हे त्यालाही कळले पाहिजे.